गंधाचा निरोप

बँकेच्या सेवेतील काही वर्षे माझी विदर्भाच्या कापूसपट्ट्यात गेली. पीककर्जाच्या पाहणीसाठी शेतावर जावे, तर कपाशीच्या शेंड्यांहून थोडे उंच, काठीला टांगलेले प्लास्टिकचे नरसाळे आणि त्याखाली लोंबणारी लांब पिशवी दिसे. तो कामगंध सापळा. आत रबराची लहानशी ल्यूर. तिचा गंध हा मादीचा निरोप समजून गुलाबी बोंडअळीचे नर पतंग येतात आणि पिशवीत अडकतात. मधमाशीला त्या गंधाचे सोयरसुतक नसते.

असे गंधद्रव्य प्रथम वेगळे काढले गेले ते रेशीमपतंगाच्या मादीचे. जर्मन शास्त्रज्ञ अडॉल्फ बुटेनांट यांनी १९५९ मध्ये ते जाहीर केले. 'फेरोमोन' हा शब्दही त्याच वर्षीचा. काही मिलिग्रॅम द्रव्यासाठी सुमारे पाच लाख माद्या लागल्या. रेशमी वस्त्र वर्ज्य मानणाऱ्या घरांत हा आकडा वाचून सहज पुढे जाता येणार नाही. मात्र त्या ज्ञानामुळे पुढे असंख्य जीव वाचवण्याची वाट मिळाली, ही जमेची बाजूही खात्यावर मांडली पाहिजे.

सापळ्यात अडकलेले नर मरतातच. तरी त्याचा मुख्य उपयोग मोजणीसाठी. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आले, तरच फवारणीचा विचार करावा, असे कृषितज्ज्ञ सांगतात. मोजणी नसली की माणूस धास्तीने फवारतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही.

याहून पुढची एक पद्धत मला अधिक पटते. मादीचा तोच गंध भरलेल्या दोऱ्या शेतभर झाडांना बांधतात. चहूकडून एकच हाक येत राहिल्याने नराला खरी मादी सापडत नाही, मीलन घडत नाही, अळी जन्मतच नाही. "ही फसवणूकच की!" असे आमच्या सौभाग्यवती म्हणतात, आणि त्यावर माझ्याजवळ चोख उत्तर नाही. परंतु विषाच्या फवाऱ्याखाली बोंडअळीबरोबर मरणारे निरपराध जीव मोजले, तर ही फसवणूक मला परवडते. अडचण एवढीच, की एकट्याने दोऱ्या बांधून भागत नाही. शेजारच्या शेतातून मीलन झालेली मादी उडून येते आणि अंडी घालते. गावाने मिळून करायचे हे काम आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या जिनिंग आहेत. कवडी कापसाचा भाव कसा पडतो, ते मी सांगायला नको. हंगामानंतर आवारात पडून राहिलेल्या कापसात आणि सरकीत ही अळी सुप्तावस्थेत दडून राहते आणि पुढे पतंग होऊन भोवतालच्या शेतांत जाते. म्हणून जिनिंगच्या आवारातही कामगंध सापळे लावण्याची शिफारस आहे. ल्यूर ठरावीक दिवसांनी बदलावी लागते. ती बसवताना हाताला कसलाही उग्र वास, विशेषतः तंबाखूचा, नसावा.