दाब, धर, सोड

जुनी मोटार नेमकी सणाच्या तोंडावर आजारी पडते, हा अनुभव केवळ आमच्याच घरचा असेल असे मला वाटत नाही.

1986 च्या दिवाळीत आमच्या पद्मिनीच्या मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक-सिलिंडर गळू लागले. भाऊबीजेला पुण्याहून दादरला ताईकडे जायचे. बरोबर आई आणि दोन्ही मुले. द्रुतगती मार्ग तेव्हा नव्हता. खंडाळ्याहून खोपोलीला उतरायचे ते जुन्या बोरघाटातूनच. मिस्त्री नवे सिलिंडर आणून देऊन गावी निघून गेलेला. गॅरेजात चहा पीत मी हे काम तीनचारदा पाहिले होते, आणि पाहिलेले काम आपल्याला येते असे समजणाऱ्यांपैकी मी एक आहे.

पाडव्याच्या सकाळी सिलिंडर तर बसले. खरी परीक्षा पुढेच होती. नळी एकदा उघडली की तिच्यात हवा शिरते. सायकलच्या पंपाचे तोंड अंगठ्याने बंद करून पाहा, दांडा तरीही खाली जातो. पाण्याने भरलेल्या पिचकारीचा जात नाही. ब्रेकचे सारे काम त्या न दबणाऱ्या तेलावर. मध्ये हवेचा बुडबुडा असला की पायाचा जोर त्या बुडबुड्यालाच दाबण्यात खर्च होतो, चाकापर्यंत पोचतच नाही.

ही हवा काढायला दोन माणसे लागतात. म्हणजे पाडव्याची ओवाळणी मिळण्याआधी हिच्या नशिबी ब्रेकचे पेडल आले!

तेलाच्या डब्यापासून सर्वांत लांबचे चाक आधी, म्हणून मी मागच्या डाव्या चाकापाशी आडवा झालो. निपलला रबरी नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या तेलात बुडवले. "दाब!" हिने दाबले. "धर!" मी निपल सैल केले, तेलाबरोबर बुडबुडे आले. "सोड!" मग पुन्हा तेच. मध्येच उठून डब्यात ताजे तेल ओतायचे, कारण डबा रिकामा झाला की नवी हवा आत जाऊन सारे मुसळ केरात. बाटलीतले तेल परत ओतायचे नाही. हे तेल रंगाचाही वैरी; मडगार्डवर सांडलेले थेंब मी सदऱ्याने पुसले आणि सदऱ्याबद्दलची बोलणी दुपारसाठी राखून ठेवली.

चारही चाके झाली. मी ऐटीत बसून पेडल दोनतीनदा दाबले. घट्ट!

"झालं," मी जाहीर केले.

"अहो, नाही झालं. पहिल्यांदा दाबलं की पाय खाली जातो. दुसऱ्या-तिसऱ्यांदा घट्ट लागतं."

"मग दोनदा दाबायचं. त्यात काय!"

"घाटात दुसऱ्यांदा दाबायला वेळ कोण देणार आहे?"

गॅलरीतून आई म्हणाली, "अरे, तिचा पाय होता ना त्यावर? तिला विचार." मला राग आला. तो बहुधा यासाठी, की मुले ऐकत होती. मी म्हटले, तूच पाय लवकर सोडत असशील. ही शांतपणे म्हणाली, "तुम्ही 'सोड' म्हणता, आणि मग पाना फिरवता. मला इथून आवाज येतो पान्याचा."

मी काहीच बोललो नाही. पेडल वर येताना निपल उघडे असेल, तर बाहेर काढलेली हवा फटीतून पुन्हा आत ओढली जाते. तासभर मी एका हाताने हवा काढत होतो आणि दुसऱ्याने भरत होतो!

मुकाट्याने पुन्हा डाव्या चाकापाशी आडवा झालो. या वेळी हुकूम तिचे होते. "दाबलं. धरलंय. आवळलं का?" "आवळलं." "सोडते." बुडबुडे हळूहळू विरळ झाले आणि मग नुसती तेलाची धार आली. चौथ्या चाकानंतर पेडल पहिल्या दाबालाच दगडासारखे लागले. गल्लीत पाच-सहा वेळा सावकाश गाडी थांबवून पाहिली, तेव्हा कुठे जेवायला बसलो. ओवाळणीत ठरल्यापेक्षा पन्नास रुपये जास्त पडले.

दुसऱ्या दिवशी खंडाळ्यानंतर दुसऱ्या गिअरात उतरत होतो. एका वळणावर समोर मालट्रक रांगत होता. मी ब्रेक दाबला. गाडी शहाण्यासारखी मंदावली. बाजूला पाहिले तर हिचा पाय पुढच्या मोकळ्या जागेत गच्च रोवलेला.

"सोड आता," मी म्हणालो.

"आधी पाना आवळलात का?" तिने विचारले.