बोटांच्या रेघा

ओल्या मातीतून बोटं ओढताना एक गारवा मनगटापर्यंत चढत येतो. तो मला अवचित मार्सेलमध्ये भेटला, कशालाही हात न लावता.

समुद्राकाठच्या कॉस्केर गुहेची तिथं प्रतिकृती आहे, २०२२ साली उघडलेली. अंधारातून संथ सरकणाऱ्या गाडीत बसून ती पाहत जायचं. घोडे येतात, गवे येतात, सील येतात, आणि जगातून केव्हाच नाहीसे झालेले ते ग्रेट ऑक पक्षीही. सगळे सुरेख. पण मन अडकलं ते जिथं चित्रच नाही अशा भिंतीवर. तिथं नुसत्या रेघा, तीन-तीन, चार-चार, एकमेकींच्या सोबतीनं वाहत गेलेल्या. खऱ्या गुहेतल्या चुनखडीचा वरचा थर मऊ होता, आणि सुमारे २७,००० वर्षांपूर्वी कुणीतरी हातातल्या उजेडात त्याच्यावरून बोटं फिरवली. कशासाठी, देव जाणे. मला विचाराल तर, मऊ लागला म्हणून.

आजी ओटी सारवून उठायची तेव्हा तिच्या हाताच्या कमानी जमिनीवर ओल्या चमकत असायच्या, आणि त्या वाळायच्या आत त्यांत आपलीही बोटं ओढावीत हा मोह मला आवरत नसे. ती रागवायची, पण माझ्या रेघा पुसायची नाही. आणि तो शेणामातीचा वास... असो.

खरी गुहा मार्सेलजवळच्या मॉर्जिऊच्या कड्यात आहे. त्या रेघा ओढणारी माणसं तिथं पायी आली, कारण हिमयुगातला समुद्र शंभर मीटरहून खाली आणि काही कोस दूर होता. मग बर्फ वितळलं, पाणी चढत गेलं आणि गुहेचं तोंड ३७ मीटर खोल बुडालं. १९८५ मध्ये आंरी कॉस्केर हा पाणबुड्या त्या लांबलचक बोगद्यातून पोहत आत शिरला. १९९१ मध्ये त्याच बोगद्यात तीन पाणबुडे वाट चुकून प्राणाला मुकले. वाट बंद झाली, पुढच्याच वर्षी गुहा संरक्षित स्मारक ठरली. समुद्राला मात्र कोण अडवणार? तो अजून चढतोच आहे, काठावरच्या घोड्यांचे पाय भिजू लागले आहेत.

मार्सेलला गेलात तर त्या रेघा चुकवू नका. गाडी आपल्या चालीनं पुढे जाते, तेव्हा नजर आधीपासूनच भिंतीवर ठेवा.