सराफ्यातला काटा

पट्टीवर छापलं होतं 2 मिलिग्रॅम आणि काट्यावर आकडा आला 160. मी काटा बंद केला, पुन्हा लावला, चिमट्यानं गोळी उचलून परत ठेवली. तरी 160च. मे महिन्यातली रात्र होती. पंख्याच्या वाऱ्यानं आकडा हलतो म्हणून पंखा बंद केलेला, ओट्यापाशी मी घामानं निथळत उभी. ऐंशीपट औषध पोटात जात होतं की काय, या विचारानं हातपाय गार पडले. ह्यांना उठवलं, तर तेही पट्टी हातात घेऊन नुसते बघत राहिले. सकाळी डॉक्टरांना फोन केला तेव्हा कळलं, "ताई, औषध दोनच मिलिग्रॅम आहे. बाकीची गोळी म्हणजे स्टार्च, साखर, तिला आकार देणारा भुगा."

म्हणजे एक दशांश औषध कमी करायचं तर 160तले 16 मिलिग्रॅम घासून काढायचे. हे गणित समजल्यावर मी रडले. ते जमेल असं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं.

काटा सराफ्यातला. ह्यांच्या ओळखीच्या एका सोनारांनी जुना, तळहाताएवढा काटा दिला होता. मिलिग्रॅमपर्यंत तोलणारा. कशासाठी हवा, ते त्यांनी विचारलं नाही.

सुरुवात 2016 सालची. बाबा गेले आणि माझी झोप उडाली. छाती धडधडायची, भाजी चिरताना हात थांबायचा. त्या वेळच्या डॉक्टरांनी अल्प्राझोलाम लिहून दिलं, अर्धा मिलिग्रॅम सकाळी, अर्धा रात्री. पंधरा दिवसांसाठी. पहिल्या रात्री मी सात तास झोपले आणि त्या डॉक्टरांना मनोमन नमस्कार केला. पंधरा दिवसांनंतर ती बंद करायची, हे मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. घराजवळच्या मेडिकलवर जुनी चिठ्ठी दाखवली की पट्टी मिळायची. सात वर्षं मी तिला 'झोपेची गोळी' म्हणत आले.

2022च्या डिसेंबरात बुऱ्हाणपूरला भाचीचं लग्न होतं. पट्टी इंदूरलाच राहिली. तिथल्या मेडिकलवाल्यानं चिठ्ठीशिवाय गोळी द्यायला नकार दिला. तेव्हा मला त्याचा राग आला होता. तो बरोबर होता, हे नंतर कळलं. अल्प्राझोलाम शेड्यूल एच-1मध्ये येतं. 1 मार्च 2014पासून या यादीतलं औषध विकताना डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव आणि गोळ्यांची संख्या वेगळ्या रजिस्टरात लिहावी लागते आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. पट्टीवर लाल चौकटीत इशाराही असतो. सात वर्षांत तो मी एकदाही वाचला नव्हता.

दुसऱ्या रात्री हळदीच्या घरात बसले असताना जमीन होडीसारखी डुलायला लागली. कातडीखाली मुंग्या, तोंडात नाणं चोखल्यासारखी चव, आणि भीती. कशाची, ते सांगता येईना. बाबा गेले तेव्हाच्या भीतीला निदान बाबांचा चेहरा होता. हिला काहीच नव्हतं. सगळ्यांना वाटलं, जुना आजार उलटला. मलाही तसंच वाटलं. ह्यांनी रातोरात गाडी करून मला घरी आणलं. गोळी घेतली आणि तासाभरात सगळं ओसरलं. त्या तासानं मला घाबरवलं. कारण एवढ्या झटकन जे शमतं, तो आजार कसा?

नवीन डॉक्टरांनी पहिल्या भेटीतच बजावलं, "एकदम सोडायची नाही. फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं." मग समजावलं. मेंदूत गाबा नावाचं शांत करणारं रसायन असतं. ही गोळी त्याचा परिणाम वाढवते. वर्षानुवर्षं बाहेरून मदत येत राहिली की मेंदू स्वतःची शांत होण्याची सोय आटोपती घेतो. मग गोळी काढली की आवरणारं कुणीच उरत नाही. अल्प्राझोलाम रक्तातून लवकर उतरतं, अकरा तासांच्या आसपास ते निम्मं होतं. सकाळची गोळी घ्यायच्या आधी मला रोज हुरहुर का लागायची, याचं उत्तर सात वर्षांनी मिळालं.

उपाय असा ठरला की दोन महिन्यांत हळूहळू डायझेपामवर यायचं, कारण ते शरीरात कितीतरी दिवस रेंगाळतं आणि उतार सौम्य होतो. मग दर तीन आठवड्यांनी, असेल त्या मात्रेच्या दहा टक्के कमी. वीस मिलिग्रॅमपासून सुरुवात. मी बोटांवर मोजलं आणि विचारलं, "म्हणजे सात-आठ महिने?" त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. दर वेळी दहा टक्के आधीच्या मात्रेचे, मूळच्या नव्हे, त्यामुळे पायऱ्या लहान लहान होत जातात. वीस महिने. आत शिरायला एक चिठ्ठी पुरली होती.

भाच्यानं मला हेदर ॲश्टन यांची पुस्तिका छापून दिली. इंग्लंडात न्यूकॅसलला या बाईंनी 1982 ते 1994 अशी बारा वर्षं फक्त या गोळ्या सोडवणारं क्लिनिक चालवलं. रुग्ण सांगतील ते ऐकलं, लिहून ठेवलं. माझ्या कातडीखालच्या मुंग्या, माझी डुलणारी जमीन त्या पानांवर होती. या जातीच्या गोळ्यांपैकी 1960 साली लिब्रियम आणि 1963 साली व्हॅलियम बाजारात आलं, आणि वीस वर्षांनी एक बाई रुग्णांसमोर वही घेऊन बसली, एवढा उशीर! अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या साऱ्या गोळ्यांवर अवलंबित्वाचा चौकटबद्ध इशारा छापायला लावला तो तर 2020 साली. मला याचा संताप येतो आणि तो मी लपवणार नाही. बाबा गेले त्या वर्षी गोळीनं मला उभं ठेवलं, हे खरंच आहे. पण देताना कुणीतरी शेवटची तारीखही लिहायला हवी होती.

सगळ्यात अवघड गेलं ते आवाजाचं. सकाळी कचरागाडी येते, तिचं गाणं आमच्या शहराला अभिमानाचं. मला ते डोक्यात खिळे ठोकल्यासारखं व्हायचं. गाडी लांबच्या गल्लीत असतानाच मी मोरीत जाऊन नळ सोडायची, म्हणजे पाण्याच्या आवाजात ते बुडेल. रंगपंचमीची मिरवणूक, गेर, आणि अनंत चतुर्दशीला रात्रभर चालणाऱ्या मिलच्या झांक्या, दोन्ही वर्षं मी खिडक्या लावून घरात. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "तिला मायग्रेन आहे." त्यांनी माझं झाकलं. आणि कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून वीस महिने डाळ पातेल्यात शिजवली.

त्रास असा उसळून यायचा, त्याला डॉक्टर 'लाटा' म्हणायचे. मधल्या बऱ्या दिवसांना मी 'उघाड' म्हणायला लागले. पावसाळ्यात असते तशी, अचानक, दोन तासांची किंवा दोन दिवसांची. पहिली उघाड आली तेव्हा मी पोहे केले आणि बडीशेपेचा वास आला. किती तरी महिन्यांनी वास आला! संध्याकाळी लाट परत आली आणि वाटलं, सगळं धुऊन गेलं. तसं नसतं, हे समजायला मला दहा-बारा उघाडी लागल्या. एका पहाटे तर मी 14416ला, टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडून कुणीतरी हिंदीत शांतपणे ऐकत राहिलं. उजाडेपर्यंत तेवढं पुरलं.

शेवटचा कण 2024च्या दिवाळीनंतर घेतला. आता सगळं संपलं असं मी धरून चालले होते. संपलं नव्हतं. ॲश्टनबाईंनी लिहून ठेवलंय की काहींची लक्षणं कित्येक महिने, क्वचित वर्षंही रेंगाळतात. आज दहा महिने झाले. लाटा येतात, पण मुंग्या फक्त तळव्यात उरल्यात, आणि जमीन बहुतेक दिवस जमीनच असते.

गेल्या आठवड्यात काटा परत करायला गेले. दुकान बंद करायची वेळ होती. सोनारांनी पंखा बंद केला, एक वजन ठेवून बघितलं, म्हणाले, "अभी भी सही है, भाभीजी." बाहेर शटर खाली येत होती आणि खाण्याच्या गाड्या लागत होत्या. सासूबाईंनी भुट्ट्याचा कीस सांगितला होता. तव्यावर उलथनं आपटलं तसे माझे खांदे वर गेले. मी भिंतीला टेकून उभी राहिले. माझा नंबर चौथा होता. तीन द्रोण पुढे सरकले, मग मी म्हटलं, "भैया, दो देना. एक में मिर्ची कम."