कितीला पडलें?

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाची 'प्राइस', 'कॉस्ट' आणि 'एक्स्पेन्स' या तीन शब्दांशीं गांठ पडली म्हणजे तें गोंधळतें, आणि याबद्दल त्याच्या बुद्धीस दोष देण्याचें कारण नाहीं. आपण मराठींत या तिघांचीही बोळवण 'किंमत' आणि 'खर्च' या दोन शब्दांवर करतों. देवळाली प्रवरा येथें शेजारपाजारचीं मुलें माझ्याकडे इंग्रजी विचारावयास येतात, त्यांना मी दुकानाचा दाखला देतों. दुकानदार गिऱ्हाइकाला सांगतो ती 'प्राइस'. तो माल त्याच्या फळीवर येईपर्यंत त्याला जें सोसावें लागलें ती 'कॉस्ट'. आणि भाडें, दिवाबत्ती, नोकराचा पगार म्हणून गल्ल्यांतून जें बाहेर जातें तें 'एक्स्पेन्स'. 'डियर' म्हणजे प्रियही आणि महागही, असें सांगितलें कीं मुलें हंसतात. मग मी त्यांना आठवण देतों कीं, फार दिवसांनीं भेटलेल्या स्नेह्यास आपणही 'दर्शन महाग झालें' म्हणतोंच.

उंसाच्या फडांत मात्र दुकानाचा हा दाखला टिकत नाहीं. शेजारच्या मळ्यांतील एक मुलगी राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठांत शिकते. पिकाच्या 'कॉस्ट'विषयींचें एक टिपण घेऊन ती आली आणि म्हणाली, "काका, याला नुसतं 'खर्च' म्हटलं तर भागेल का? यांत न दिलेले पैसेसुद्धां धरले आहेत!"

शंका मार्मिक होती. शेतमालाच्या भावाबद्दल केंद्र सरकारला सल्ला देणारा आयोग १९६५ सालीं निघाला, तेव्हां त्याच्या नांवांत केवळ 'प्राइस' होती. 'कॉस्ट' त्यांत शिरली ती १९८५ मध्यें. या आयोगाच्या हिशेबांत कॉस्ट एक नसून अनेक आहेत. बेणें, खत, मजुरी, पाणीपट्टी, दुसऱ्याच्या जमिनीचा खंड असें जें प्रत्यक्ष रोख किंवा जिनसांनीं दिलें, तें 'ए २'. त्यांत घरच्या माणसांच्या श्रमाची मानलेली मजुरी मिळवली कीं दुसरी पायरी होते. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचें व्याज हीं सुद्धां धरलीं म्हणजे 'सी २'. २०१८-१९ च्या अंदाजपत्रकांत कॉस्टच्या दीडपट हमीभाव जाहीर झाला, तो दुसऱ्या पायरीवर. शेतकऱ्यांच्या संघटनांचा आग्रह 'सी २'चा. उंसाला हमीभावाऐवजीं २००९ पासून 'रास्त व किफायतशीर दर' असतो, पण त्याचीही शिफारस हाच आयोग करतो. एका शब्दाची व्याप्ति कोठवर, यावर लाखों घरांची मिळकत हेलकावे खाते.

मुलीचे वडील हिशेबाची वही काटेकोरपणें लिहितात. नांगरट, बेणें, खत, वीजबिल, पाणीपट्टी, बाहेरच्या बायकांची खुरपणी, सारें तारीखवार. तिची आई त्याच बायकांच्या बरोबरीनें, त्याच सरींत खुरपत असते. तिचा दिवस मात्र वहींत कोठेंच नाहीं. मुलीनें विचारलें, तेव्हां वडील म्हणाले, "घरच्या माणसाचा कसला आलाय खर्च?"

आणि शब्दाच्या दृष्टीनें त्यांचें उत्तर अगदीं बिनचूक होतें! 'खर्च' हा शब्द फारसीच्या वाटेनें आपल्याकडे आला. त्याचें मूळ अरबी, आणि अर्थ 'बाहेर जाणें'. जें घरांतून बाहेर गेलेंच नाहीं तें खर्चांत यावें कसें? झळ, चाट, भुर्दंड, तोशीस, पदरमोड, असे पैसा जाण्याचें दुःख सांगणारे शब्द आपल्याकडे उदंड आहेत; पण पैसा न जातां जें झिजतें त्याला त्यांत जागा नाहीं. इंग्रजींतील 'एक्स्पेन्स' आणि 'स्पेंड' हे दोन्ही 'तोलून देणें' या लॅटिन क्रियापदापासून निघाले. ते आपल्या खर्चाचेच भाऊबंद. 'कॉस्ट'चें मूळ निराळें, 'उभें राहणें'. वस्तु कोणत्या आंकड्यावर उभी राहिली, एवढेंच तो शब्द विचारतो. पैसे कोणाच्या हातून गेले हें विचारीत नाहीं. अर्थात् शब्द मिळाल्यानें न्याय मिळतो असें नव्हे. विलायतेंतील शेतकऱ्याच्या बायकोलाही कोणी रोज मोजून दिला नसेल.

इंग्रजाची वस्तु उभी राहते, तर आपली पडते. 'कितीला पडलें?', 'महागांत पडलें', हें आपण रोज बोलतों. राहुरीच्या बाजारांतून स्वस्त लुगडें आणणारी बाई मोटारीचें भाडें आणि फुकट गेलेला दिवस धरून 'महागांतच पडलं' म्हणते, तेव्हां ती नकळत 'सी २'च्या जवळपास असते. नामांत जें हरवलें तें क्रियापदांत शाबूत आहे, हें पाहून मला मोठा आनंद झाला.

मुलीनें टिपणांत 'उत्पादनखर्च' असेंच लिहिलें. परीक्षकाला तेंच लागतें. वडिलांच्या वहींत मात्र तिनें नवें पान काढलें आणि वर लिहिलें, 'ऊंस कितीला पडला'. पहिलें कलम आईच्या खुरपणीचें, बाहेरच्या बाईला देतात त्याच रोजानें. वडिलांनीं तें पान बराच वेळ हातांत धरलें. मग म्हणाले, "आणि वीज रात्रीची असली म्हणजे मी पाणी भरतों, तें?"

तिनें दुसरें कलम घातलें.