पायउतार

सायकलीवरून घाट चढताना मनुष्याने खाली केव्हा उतरावे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. परंतु त्याचे उत्तर मिळण्यास आम्हांस पंचवीस वर्षे लागली. आणि मिळाले तेही दौलताबादच्या घाटात, धापा टाकीत असताना, आणि पोटच्या मुलीच्या तोंडून.

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील बजाजनगर हे आमचे राहते ठिकाण. १९८५ साली बजाजांचा वाहनांचा कारखाना वाळूजला सुरू झाला, आगेमागे दुसरेही आले, आणि त्यांच्या आधाराने ही वस्ती वाढली. आम्ही १९८७ साली येथे नोकरीनिमित्त आलो, तेव्हा संसारात एक ट्रंक, एक वळकटी आणि एक सायकल एवढेच होते. पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जाई. त्या काळी सायकल ही आमच्या लेखी गरज होती, हौस नव्हे; आणि तीसगावचा खवड्या डोंगर सोडला तर आसपास चढ म्हणावा असे काही नसल्याने घाटाशी तिचा संबंध येण्याचे कारणही नव्हते.

तो संबंध १९९९ सालच्या दिवाळीत आला. आमची कन्या तेव्हा नववीत होती. आळीतल्या सात-आठ मुलांनी सायकलीवरून वेरूळला जाण्याचा बेत केला आणि हिनेही परवानगी मागितली. आम्ही म्हणालो, "वाटेत घाट आहे. मुलींचे ते काम नव्हे. मध्येच उतरावे लागले, तर सगळी मुले हसतील." वास्तविक आमच्या मनात भय होते ते घाटाचे नव्हे, रस्त्यावरील मालमोटारींचेही नव्हे, तर चार लोक काय म्हणतील ह्याचे! पोरीने वाद घातला नाही. सायकल आत घेतली, फडक्याने पुसली आणि ती अभ्यासाला बसली. मुले भांडली म्हणजे भांडणाचा एकदा निकाल तरी लागतो. न भांडता उठून गेली, तर ते प्रकरण उघडेच राहते, हे त्या वेळी आम्हांस ठाऊक नव्हते.

पुढे शिक्षण आटोपून ती फ्रान्सला गेली आणि आल्प्स पर्वताच्या कुशीतील ग्रनोबल शहरी स्थायिक झाली. तेथून ती घाटांची वर्णने कळवू लागली. आपण जिला खिंड म्हणतो, तिला तिकडे 'कोल' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मान. दोन शिखरांच्या खांद्यांमधील ती मान! शहराच्या वेशीपासून कोल द पोर्तचा चढ सुरू होतो, तो १,३२६ मीटरांवर संपतो. गालिबिए तर २,६४२ मीटर उंच. चढणीवर दर किलोमीटरला दगड रोविलेला असतो आणि आपण किती उंचीवर आहो व पुढचा चढ किती तीव्र आहे, हे त्यावर लिहिलेले असते. सुटीच्या दिवशी म्हातारेकोतारेही त्या वाटांनी सायकली रेटीत जातात, कोणी पाठीवर पिशवी टाकून पायीच निघतात. ही वर्णने वाचून आमच्या घरी कौतुक होई. आम्ही मात्र वाचून स्वस्थ बसत असू.

गेल्या मार्गशीर्षात ती घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "बाबा, वेरूळला जाऊ या. सायकलीवरून." सौभाग्यवतींनी आमच्या वयाची आणि गुडघ्यांची आठवण करून दिली, पण दशम्या आणि लसणाची चटणीही त्यांनीच बांधून दिली. पहाटे उजाडण्यापूर्वी निघालो. तीसगाव, शरणापूर मागे टाकले तेव्हा पूर्वेस तांबडे फुटले होते आणि समोर देवगिरीचा तासलेला कडा उभा होता. किल्ल्यापुढे जुन्या तटाचा दिल्ली दरवाजा लागतो. मोठ्या गाड्या तेथे अडखळतात; आमच्या दोन सायकली सुखरूप पार झाल्या, आणि घाट सुरू झाला.

पहिल्या वळणावर छाती भरून आली. दुसऱ्या वळणावर पाय थरथरू लागले. तरीही आम्ही दात-ओठ खाऊन पायटे मारीत होतो. कारण मागून लेक येत होती. इतक्यात तीच खाली उतरली आणि सायकल हाताने ढकलीत चालू लागली. तिला उतरण्याची काडीमात्र गरज नव्हती, हे आम्हांस कळत होते. आम्हीही उतरलो.

चालता चालता ती सांगू लागली. १९१० साली फ्रान्सच्या प्रसिद्ध सायकल-शर्यतीत तूरमाले हा पिरेनीज पर्वतातील घाट प्रथम घातला गेला. रस्ता कच्चा, सायकली अवजड. ऑक्टाव्ह लापीझ हा स्वार चढणीवर कित्येक ठिकाणी उतरून पायी चालला. गुस्ताव्ह गारिगू मात्र न उतरता वर गेला आणि त्याबद्दल त्याला बक्षीसही मिळाले. परंतु त्या दिवसाची दौड आणि अखेरीस सबंध शर्यत जिंकली ती लापीझने! चालत गेलेल्याने!

हे ऐकून आम्ही थांबलो. इतकी वर्षे घशाशी अडकलेले वाक्य एकदम बाहेर आले. "त्या दिवाळीत तुला नाही म्हणालो, ते माझे चुकले."

ती जरा वेळाने म्हणाली, "बाबा, जाऊ दिले नाहीत ह्याचे वाईट वाटले होतेच, पण ते गेले. उतरावे लागले तर हसतील, हे म्हणालात ते राहिले. तिकडे पहिल्या घाटात मी अर्ध्यावर उतरले आणि रस्त्याच्या कडेला बसून रडले. तेथे हसायला कोणीही नव्हते."

ह्यावर उत्तर नव्हते. आम्ही दोघे मुकाट्याने चालत राहिलो.

माथ्यावर हातकागदासाठी प्रसिद्ध असलेला कागजीपुरा लागला. रस्त्याकडेला एका बाईकडून पेरू घेतले, तिखटमीठ लावून खाल्ले, आणि पोरीच्या चेहऱ्यावर तेच नववीतले हसू दिसले. पुढे खुलताबाद. उघड्या आभाळाखालची औरंगजेबाची साधी कबर तेथेच आहे. तेथून वेरूळच्या उतारावर लागण्यापूर्वी लेकीने दोन्ही सायकलींचे ब्रेक तपासले. आठव्या शतकात राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळी कळसाकडून पायाकडे कोरीत आणलेल्या कैलास लेण्यासमोर बसून आम्ही दशम्या सोडल्या. परतताना मात्र सायकली टेम्पोत घातल्या, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

लेक परत गेली. परवा शेजारची दहा वर्षांची मुलगी विचारीत होती, "आजोबा, मला जमेल का हो घाट?" आम्ही तिला सांगितले, "पहाटे लवकर निघावे, पाणी बरोबर घ्यावे, रविवारची गर्दी टाळावी, मोठे माणूस सोबत असावे. आणि दम लागला की खुशाल उतरावे. उतरून चालले, तरी घाट चढलाच म्हणतात."

मुलांना चढावयास शिकविणारे पुष्कळ असतात. उतरण्याची लाज त्यांच्या मनात आपल्या तोंडून पेरली जाऊ नये, एवढे वडीलधाऱ्यांनी सांभाळले तरी पुष्कळ झाले.