जुन्या राउटरची नवी नेमणूक

व्यापारी घरात वस्तू टाकून देण्यापूर्वी तिला दुसरे काम शोधण्याची रीत आहे. जुन्या साड्यांची गोधडी होते, पाठकोऱ्या कागदांवर कच्चा हिशेब मांडला जातो. इंटरनेट देणारी कंपनी बदलली की नवा राउटर येतो आणि जुना, चालू स्थितीतला, कपाटाच्या खणात जातो. त्यालाही दुसरे काम देता येते. मात्र ते देताना त्याचा पूर्वीचा अधिकार काढून घ्यावा लागतो.

सांगलीच्या बाजारपेठेतील एका जुन्या घरात हे नुकतेच घडले. तळमजल्यावर कापडाचे दुकान, वरचे दोन मजले राहते घर. राउटर दुकानात, गादीच्या मागे. वाय-फायच्या लहरी जाड भिंती आणि स्लॅब ओलांडताना क्षीण होतात, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी थोड्याफार पोहोचतात, ५ गिगाहर्ट्झच्या त्याहून लवकर थकतात. जीएसटीचे काम धाकट्या सुनेकडे. दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी भरावयाचे. रात्री बाळ झोपल्यावर तिला सवड मिळे. पण वरच्या मजल्यावर जोडणी सतत तुटे. मग गुडघेदुखीने बेजार सासूला वर बसवून ती दोन जिने उतरून दुकानात जाई.

मुलाचे मत नवी यंत्रणा विकत घ्यावी असे होते. अण्णा म्हणाले, "खणात एक पडलाच आहे ना? आणि वर संगणक होता तेव्हा ओढलेली तार अजून भिंतीत आहे." तार असणे ही मोठीच सोय होती. कॅट-५ई प्रतीची तार १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट इतका वेग पोहोचवते. भिंतीची जाडी तिच्या आड येत नाही.

मुलाने ती तार जुन्या राउटरच्या 'वॅन' या छिद्रात जोडली. वर इंटरनेट आले, पण दुकानातील प्रिंटर वरच्या लॅपटॉपला आपोआप सापडेना. वॅनमधून जोडलेला राउटर आपले स्वतंत्र जाळे उभे करतो. जणू एकाच घरात दोन चुली. मग तार 'लॅन'च्या छिद्रात घातली. आता काही उपकरणे चालू लागली, काही मध्येच अडू लागली.

महाविद्यालयात शिकणाऱ्या नातीने कारण सांगितले. "अण्णा, जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक क्रमांक देतो. त्याला डीएचसीपी म्हणतात. इथे दोन्ही राउटर क्रमांक वाटत आहेत."

"म्हणजे दोन मुनीम एकाच पेढीत वेगवेगळ्या पुस्तकांतून पावत्या फाडत आहेत," अण्णा म्हणाले. "एकच क्रमांक दोघांच्या हाती पडणार. एकाचे पुस्तक काढून घे. माल मात्र दोघांनाही देऊ दे."

अण्णांनी दोन वर्षांपूर्वी बँकेतील सहीचा अधिकार मुलाच्या नावे केला होता. कापड मोजायला ते आजही बसतात. त्यांना हे समजावून सांगावे लागले नाही.

नातीने जुन्या राउटरचे रीसेट बटण सुमारे दहा सेकंद दाबून त्याची जुनी मांडणी पुसली. लॅपटॉप तारेने थेट त्याला जोडून त्याचा डीएचसीपी बंद केला. मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ होता, जुन्याला १९२.१६८.१.२ दिला आणि मुख्य राउटरच्या वाटपातून तो क्रमांक वगळला. वाय-फायचे नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवले, म्हणजे जिना चढताना फोन बहुधा आपणहून जवळच्या राउटरकडे वळतो. २.४ गिगाहर्ट्झसाठी एका राउटरला १ आणि दुसऱ्याला ६ ही वाहिनी दिली; १, ६ आणि ११ या वाहिन्या एकमेकींवर चढत नाहीत. शेवटी भिंतीतील तार लॅनच्या छिद्रात जोडली. त्या महिन्याचे जीएसटीआर-३बी वरच्या मजल्यावर, पाळण्याशेजारी बसूनच भरले गेले.

अनेक राउटरांत 'ॲक्सेस पॉइंट' नावाची तयार सोय असते. ती निवडली की ही बहुतेक कामे यंत्र स्वतःच करते. मग तार कोणत्या छिद्रात घालायची ते त्याच्या पुस्तिकेत पाहावे.

खणातील प्रत्येक राउटर मात्र कामाचा नसतो. तो कंपनीच्या मालकीचा असेल तर परत करावा. ज्यात डब्ल्यूपीए-२ ही सुरक्षाही नाही, तो दुकानाच्या हिशेबाच्या जाळ्यात घेऊ नये. सॉफ्टवेअरची सुधारित आवृत्ती मिळत असेल तर ती भरावी आणि व्यवस्थापनाचा मूळ पासवर्ड बदलावा. ॲडॉप्टर त्याच राउटरचा असावा. ९ व्होल्टच्या यंत्राला १२ व्होल्टचा लावल्यास ते जळू शकते. दोन राउटरांमध्ये एकाच वेळी दोन तारा जोडू नयेत. संदेश गोल फिरत राहून सारे जाळे ठप्प होऊ शकते. समोरच्या इमारतीतील गोदामापर्यंत तांब्याची तार उघड्यावरून नेऊ नये. विजेच्या कडकडाटात दोन्हीकडची यंत्रे धोक्यात येतात, तेथे फायबर योग्य. आणि हिशेबाचा संगणक ज्या जाळ्यात आहे, त्याचा पासवर्ड गिऱ्हाइकाला देऊ नये, मग ते कितीही जुने असो.

हिशेबाने पाहता, ६ वॅटचा राउटर अहोरात्र चालला तर ३० दिवसांत सुमारे ४.३ युनिट वीज लागते. जुन्या राउटरची छिद्रे १०० मेगाबिटांचीच असतील तर त्याहून अधिक वेग वर मिळणार नाही. विवरणपत्र भरायला आणि परदेशातील लेकीशी बोलायला तेवढा पुरतो. त्याहून अधिक लागेल त्या दिवशी नवा घ्यावा. तार तीच राहील.