पुठ्ठ्याचं माळवद

नातीला शाळेत 'जुनं घर' करून न्यायचं होतं. बाजारात थर्माकोलचं तयार मिळतं, पण ती म्हणाली, "आबा, आपलंच करू. तुमचं पडलेलं." सुनेनं फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा दिला. भिंती उभ्या राहिल्या, पण त्या पुठ्ठ्याच्याच दिसायल्या. दगडामातीच्या दिसायच्या तर वरून लिंपण आलं. लिंपण म्हणल्यावर मी पुढं सरकलो.

पहिल्या दिवशी नुसती कणकेची खळ शिजवली, तिच्यात माती कालवून लावली. सकाळी बघतो तर उंदरानं उगवतीची भिंत खाल्लेली! पूर्वी खळीत मोरचूद टाकायचे, त्याला कीडमुंगी शिवत नसे. पण मोरचूद विषारी, आणि लेकराची बोटं सारखी तोंडात. मग आईची टोपली आठवली. ती रद्दी दोन-तीन दिवस भिजवायची, उखळात कुटायची, भिजवलेल्या मेथ्या वाटून त्यात मळायची आणि पालथ्या घागरीवर थापायची. मेथीनं लगदा चिकट होतो आणि कडूपणामुळं कीड लागत नाही. तसल्या टोपलीत आमच्या घरी वर्षानुवर्षं डाळ राहिली.

तेच केलं. घट्ट पिळलेला लगदा दोन मुठी, चाळलेली पांढरी माती एक मूठ, मेथीचं वाटण दोन चमचे आणि थोडं फेविकॉल. माती जास्त झाली की वाळताना भेगा पडतात, लगदा जास्त झाला की भिंत गोधडीवाणी गुबगुबीत दिसते. दोन-तीन तुकड्यांवर लावून बघितल्यावर माप जमलं. चिमूटभर वाळूनं खरबरीतपणा आला. एकाच अंगानं लावलं तर वाळताना पुठ्ठा तिकडंच वाकतो, म्हणून आतूनही पातळ हात दिला. ओलं असतानाच नातीनं काडीपेटीच्या काडीनं दगडांचे सांधे ओढले. फार छान ओढले तिनं, एक दगड दुसऱ्यासारखा नाही.

मी हात धुवायला गेलो तेवढ्यात तिनं उरलेला सगळा लगदा छतावर थापला. "माळवद जाड असतं, तुम्हीच म्हणलाव की."

अर्ध्या तासात छत खाली बसलं आणि भिंती बाहेर फुगल्या.

"आबा, वजन जास्त झालं."

मी काहीच बोललो नाही.

माळवदावर दर उन्हाळ्यात खारी माती टाकायची रीत. जुनी कुणी काढत नसे, वर वर नवी. 1993 च्या उन्हाळ्यात आई म्हणाली, चुलीपाशी गळायलंय, बघ की जरा. मी आणि गड्यानं दोन दिवस माती वाहिली. पन्नास पाट्या तरी असतील. त्या पावसाळ्यात एक थेंब गळला नाही. आई ज्याला त्याला सांगायची, पोरानं माळवद पक्कं केलं.

आमचं गाव किल्लारीपासून लांब नाही. 30 सप्टेंबरची पहाट, आदल्या दिवशी गणपती बोळवलेले. भिंत चांगली दोन हात रुंद, पण बाहेरचा दगड वेगळा, आतला वेगळा, मधी चिखल. दोन्हींना धरून ठेवणारा आरपार दगड एकही नाही. भिंत फाकली आणि वरची माती खाली आली. आम्ही ओसरीत होतो. आई चुलीपाशी निजलेली.

पुढं इंजिनिअर आले. गोल दगड, चिखलाची जोडणी, डोक्यावर मातीचं ओझं, असं सगळं समजावून सांगितलं. गावातल्या सगळ्यांबरोबर मीही मान हलवली. पाट्यांचं कुणाला बोललो नाही, बायकोलासुद्धा.

चमच्यानं आम्ही छत खरवडलं. "किती काढू?" ती विचारायली. सगळं काढ म्हणलं. खाली आईस्क्रीमच्या काड्यांची तुळई केली, वरून कागदाएवढा पातळ थर, तो वाळल्यावर दुसरा. वरून चहाचा वाळवलेला चोथा भुरभुरला. हुबेहूब माती दिसली.

मग सुयानं भोकं पाडून भिंतींतून आरपार काड्या घातल्या, फेविकॉल लावून. त्यांची टोकं बाहेर आली.

"जुन्या घराला अशा काड्या होत्या, आबा?"

"नव्हत्या."

"मग बाई म्हणतील चुकलं. कापू का?"

"राहू दे," म्हणलं. "बाईंनी विचारलं तर मला बोलव."